दवाखान्यासमोरचे भोंगे

माझ्या धाकट्या दिराच्या पायात खिळा घुसला तो प्रचाराचं काम करताना. पुढं त्याचा जीव राहतो की जातो हे ज्यांच्यावर अवलंबून होतं, तेही प्रचाराचेच भोंगे. त्या निवडणुकीत कोण जिंकलं हे आज मला आठवावं लागतं. भोंगे मात्र आठवावे लागत नाहीत.

लोकसभेची ती निवडणूक भर उन्हाळ्यात आली होती. गेवराईत तोवर बऱ्याच घरांत रंगीत टीव्ही आले होते, बसस्टँडसमोर एस.टी.डी.चे बूथ उभे राहिले होते, पण उमेदवार लोकांपर्यंत पोचायचा तो भोंग्यातूनच. जीप, रिक्षा, टेम्पो, जे मिळेल त्याच्या टपावर दोन कर्णे बांधायचे, आत ॲम्प्लिफायर आणि बॅटरी ठेवायची, आणि लोकांचा पहिला चहा व्हायच्या आत सुरू व्हायचं. एक गाडी गेली की दुसरी. कधी दोन पक्षांच्या गाड्या एकाच चौकात समोरासमोर यायच्या. मग कोणाचंच काही कळायचं नाही, पण माघार कोणी घ्यायचं नाही.

आमची पिठाची गिरणी होती. नवरा एस.टी.त ड्रायव्हर, त्यामुळे गिरणी मीच चालवायचे. पट्ट्याचा आणि जात्याचा घरघराट दिवसभर कानात असल्यावर भोंग्याचं काही वाटत नाही. उलट आमच्या घरात भोंग्याचं कौतुकच होतं, कारण एका पक्षाच्या सगळ्या गाड्यांवर आमच्या दिराचाच आवाज होता.

माझ्या लग्नात हा दीर सात वर्षांचा होता. वरातीत नवरदेवाच्या पुढं घोड्यावर बसू दिलं नाही म्हणून तो मांडवात लोळून रडला होता. लोकांसमोर मी त्याला भावजी म्हणायचे, घरात अरे-तुरे. त्या वर्षी तो सव्वीसचा होता, मोटारी रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा, आणि आवाज असा की धान्यबाजाराच्या मोंढ्यात बोलला तर बसस्टँडवर ऐकू यावं. पक्षानं त्याची कॅसेट भरून घेतली आणि तिच्या नकला काढून प्रत्येक गाडीत एकेक दिली. मजकूर त्याचाच होता. "माय-माऊल्यांनो, चुलीवरचं कालवण खाली उतरवा, पाच मिनिटं दारात या! हंडाभर पाण्यासाठी तुमच्या टाळूला घट्टे पडले, त्याचा जाब मागायची येळ आली हाय!" गिरणीत दळणाला आलेल्या बाया ऐकून म्हणायच्या, "दिराला सांग, कालवण उतरवलं की थंड होतंय म्हनावं."

खिळ्याचं असं झालं. जवळच्या एका खेड्यात सभा होती. स्टेजवर थोरामोठ्यांच्या तसबिरी मांडलेल्या असल्या की आमच्याकडं कोणी चप्पल घालून वर चढत नाही. सभा संपल्यावर तसबिरी खाली उतरवायला हा अनवाणी चढला, आणि फळीतला गंजका खिळा टाचेत गेला. त्यानं तो उपटला, वर चुना-हळद लावली, चिंधी बांधली आणि पुढच्या गावाला गेला. घरी आल्यावर मी टाच बघितली.

"दवाखान्यात जाऊन सुई घेऊन ये," मी म्हणाले.

"लई काय न्हाई वहिनी. चुना लावला की ओढून घेतो."

"चुना काय ओढतो ते मला नको सांगू. सुई घे."

"उद्याची सभा झाली की जातो."

दुसऱ्या दिवशी मी परत सांगितलं. तिसऱ्या दिवशी दळणाची गर्दी होती, मी सांगितलं नाही. जखम वरून सुकली. तोही विसरला आणि मीही विसरले.

आठव्या दिवशी सकाळी त्याचा जबडा आखडला. पक्षाच्या कचेरीत सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की ओरडून ओरडून घसा बसला. त्याचा जिवलग दोस्त बी-बियाणांचा दुकानदार होता आणि शहरातल्या प्रचाराची सगळी सूत्रं त्याच्याकडं होती. त्यानं ज्येष्ठमध आणून दिला, खडीसाखर दिली, गुळण्या करायला गरम पाणी दिलं. याला गुळणीपुरतंही तोंड उघडेना, तर सगळे हसले. "आता समोरच्या पक्षानं करणी केली बे तुज्यावर," असं कोणीतरी म्हणालं. प्रचारात घसा बसणं ही त्यांच्यात मानाची गोष्ट होती. ज्याचा बसत नाही त्यानं काम केलं नाही.

दुपारी तो घरी आला तेव्हा सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मी भाकरी वाढली. त्यानं घास तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. तोंड हसल्यासारखं दिसत होतं. ओठांचे कोपरे मागं ओढलेले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. मी उलथन्याचं टोक त्याच्या दातांत घालून बघितलं, ते आत जाईना. मग मी त्याची टाच उचलून बघितली आणि गिरणीचा खटका बंद केला. दळण तसंच ठेवून त्याला रिक्षात घातलं.

डॉक्टरांचा दवाखाना मेन रोडवर होता. खाली औषधाचं दुकान आणि मागं चार खाटांच्या खोल्या. डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी जबडा दाबून बघितला, पोट चाचपलं, "खिळा कधी लागला?" एवढंच विचारलं, आणि मला बाहेर घेऊन आले.

"धनुर्वात आहे. इंजेक्शनं सुरू करतो. पण औषधाइतकीच शांतता पाहिजे. उजेड नको, धक्का नको, आवाज अजिबात नको. आवाज झाला की झटका येणार. झटक्यात छातीचे स्नायू आवळले तर श्वास थांबेल, आणि श्वास चालू ठेवायचं मशीन माझ्याकडं नाही."

"मोठ्या दवाखान्यात नेऊ का?"

"तिथं मशीन आहे. पण तीन तासांचा खड्ड्यांचा रस्ता आहे. प्रत्येक खड्ड्याला झटका. पोचेल असं मी सांगू शकत नाही. आणि न्यायचा कशातून? तालुक्यातली प्रत्येक जीप प्रचाराला लागली आहे." त्यांनी रस्त्याकडं बघितलं. "पहिले दहा दिवस काढले तर वाचेल."

प्रचार संपायला नऊ दिवस होते.

त्याला सगळ्यात मागच्या खोलीत हलवलं. मी घरून वाकळा आणल्या, खिडकीवर दोन आणि दारावर एक, ठोकाठोकी नको म्हणून दोरीनं बांधल्या. कूलर बंद. पंख्याची पाती कुरकुरायची म्हणून पंखाही बंद. एप्रिलच्या उन्हात ती खोली भट्टीसारखी तापायची. मी पायातली जोडवी आणि हातातल्या काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या. बांगड्या काढल्या म्हणून सासूबाई रडायला लागल्या, तर त्यांनाही सांगितलं, "रडायचं तर बाहेर."

पहिला दिवस औषधाच्या गुंगीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी लांबून जीप आली. मला आधी कळलंच नाही काय वाजतंय. मग शब्द ओळखू आले. चुलीवरचं कालवण खाली उतरवा. खाटेवर त्याची मान मागं वळायला लागली. पाठ उचलली गेली, आणखी उचलली गेली, शेवटी डोकं आणि टाचा एवढंच गादीला टेकलेलं राहिलं. दात एकमेकांवर करकरत होते. तो पूर्ण शुद्धीवर होता, हे या आजाराचं सगळ्यात वाईट. डोळे माझ्याकडं लागलेले होते आणि बाहेर त्याचाच आवाज त्याला दारात बोलवत होता. जीप लांब गेली तसा तो हळूहळू खाली आला. डॉक्टरांनी वहीत वेळ लिहिली.

मी बाहेर जाऊन उभी राहिले. पुढची गाडी आली ती रिक्षा होती. मी हात आडवा केला, दवाखान्यात रोगी आहे म्हणून सांगितलं. ड्रायव्हरनं मान हलवली, आवाज बारीक केला आणि औषधाच्या दुकानापुढं गेल्याबरोबर परत मोठा केला. त्याच्या मागून आलेल्या टेम्पोला यातलं काही ठाऊकच नव्हतं. गाड्या भाड्याच्या, ड्रायव्हर चार गावचे, रोज बदलणारे. एकाला सांगून दुसऱ्याला कळत नव्हतं.

दुपारी मी तहसीलमध्ये गेले. कारकुनानं परवान्यांची थप्पी दाखवली. "सगळ्यांकडं परवानगी हाय बाई. टाइमात वाजवतेत. टाइमाच्या भाईर वाजवलं तर अर्ज द्या." पोलीस ठाण्यात हेच सांगितलं, फक्त खुर्ची दिली. पक्षाच्या कचेरीत दिराचा दोस्त होता. तो म्हणाला, "वहिनी, काळजीच करू नका, सगळ्या गाड्यांना निरोप देतो." तो खोटं बोलत नव्हता. पण कचेरीत त्या वेळी चाळीस माणसं एकदम बोलत होती, आणि निरोप तिथंच कुठंतरी राहिला. दातखीळ बसली म्हणजे माणूस मरायला टेकतो हे तिथं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. भेटायला यायला मात्र सगळे तयार. आमच्याकडं दवाखान्यातल्या माणसाला भेटायला गेलं नाही तर वर्षभर बोल लागतो, आणि निवडणुकीत तर कोण आलं न् कोण नाही हे मोजलं जातं. डॉक्टरांनी दारावर माणूस बसवला तरी लोक खिडकीखाली उभे राहून खाकरायचे.

चौथ्या दिवशी सकाळी दोस्ताचा निरोप आला. उमेदवार स्वतः आजारी कार्यकर्त्याला भेटायला येणार. दुपारी चारला, गाड्यांच्या ताफ्यासकट.

मी निरोप आणणाऱ्याला म्हणाले, "येऊ नका म्हणावं."

"असं कसं वहिनी? साहेब इतक्या लांबून येणार, आन् तुमी नको म्हणता?"

तो गेला आणि मी जिन्यावर बसून हिशोब लावला. ताफ्याच्या पुढं हलगी. गाड्यांवर भोंगे. वळणावर फटाक्यांची माळ, कारण साहेब आले की माळ लागलीच पाहिजे. दवाखान्याच्या दारात घोषणा. एवढं झाल्यावर वहीत वेळ लिहायची गरज पडणार नव्हती.

ताफा थांबवायचा तर कसा? हात आडवा करून जीप थांबत नाही. आणि मग मला सुचलं की थांबते कशानं. आमच्या भागात उमेदवाराची गाडी एकाच गोष्टीला हमखास थांबते, ती म्हणजे ओवाळायला उभी असलेली बाई. ताट घेऊन उभ्या असलेल्या बाईला ओलांडून जायची कोणाची हिंमत नसते. गेला तर पुढच्या गल्लीत त्याच्या आधी बातमी पोचते.

मी घरून ताट आणलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. दवाखान्यापासून दोनशे पावलांवर, मोंढ्याच्या वळणावर जाऊन उभी राहिले. सासूबाईही आल्या. दवाखान्यासमोर बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या आपानं विचारलं काय चाललंय, मी सांगितलं. ती म्हणाली, "मेरेकू ओवाळना नै आता, पर रस्ते पे खडी रैती मैं." आणि ती दुकानाला फळी लावून आमच्या शेजारी उभी राहिली.

हलगी ऐकू आली तशी मी निरांजन पेटवलं. पुढं पोरांचा नाच, मागं उघडी जीप, जीपमध्ये हारांनी झाकलेला उमेदवार. वळणाच्या पलीकडं एक जण माळ पसरून उदबत्ती पेटवत होता. मी रस्त्याच्या मधोमध गेले. जीप थांबली. उमेदवार सवयीनं खाली उतरला, टोपी सारखी केली आणि कुंकवासाठी कपाळ पुढं वाकवलं. त्याचा कान माझ्या तोंडाजवळ आला.

"साहेब," मी म्हणाले, "तुमचा माणूस त्या दवाखान्यात धनुर्वातानं पडला हाय. आवाज झाला की त्याचा श्वास अडकतो. हलगी थांबवा, भोंगे बंद करा, ती माळ लावू देऊ नका."

त्यानं डोळे वर केले. "मी त्याला भेटायलाच आलोय ताई."

"भेटू नका. तुम्ही आत आलात की मागं शंभर माणसं येतील."

त्याचा हात खिशात जाऊन ताटाकडं आला होता. मी ताट मागं घेतलं. "नोट नको. भोंगा."

क्षणभर मला वाटलं हा हसून जीपमध्ये चढणार. पण त्यानं वळून हात वर केला. हलगी एकदम थांबली नाही, वाजवणारा डोळे मिटून वाजवत होता, त्याला कोणीतरी खांद्याला धरून हलवावं लागलं. माळवाल्याच्या हातातली उदबत्ती सासूबाईंनी काढून घेतली आणि चपलेखाली चिरडली. ताफा दवाखान्यासमोरून गेला तो नुसत्या इंजिनांच्या आवाजानं. उमेदवार पायरीपाशी हात जोडून उभा राहिला आणि पुढं गेला. मी आत पळाले. दीर छताकडं बघत होता. झटका आला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ताट हेच माझं काम झालं. सासूबाई, आपा आणि मी, पाळ्या लावल्या. उमेदवार नसलेल्या गाड्याही थांबवल्या. एक रिक्षावाला तर घाबरलाच. "मला कावून ओवाळता मावशी? मी भाड्याचा हाय. मी कुणाचाच न्हाई."

"टिळा लावून घे आन् बटन बंद कर. पुढच्या चौकात चालू कर."

"बंद करतो, पण तेवढं ओवाळू नका. आमची बायको ऐकल."

समोरच्या पक्षाच्या गाड्याही थांबवल्या. सहाव्या दिवशी त्यांचा उमेदवार आला, त्यालाही ओवाळलं, तेच सांगितलं, त्यानंही भोंगे बंद केले. त्या दिवशी वहीत फक्त पाच झटके होते. आधी वीसच्या वर असायचे.

पण ताट दिसतं सगळ्यांना, ताटावर वाकून काय बोललं ते ऐकू येत नाही. आठव्या दिवशी दुपारी दिराचा दोस्त माणसं घेऊन आला. घामानं भिजलेला, डोळे तांबडे.

"वहिनी, तुमी त्यांच्या उमेदवाराला ओवाळलं?"

"हळू बोल. ओवाळलं."

"गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई आमाला. हे घर फुटलं म्हणतेत लोक. आमचा भोंगा बंद पाडायला त्यांनीच तुमाला उभं केलं म्हणतेत."

"त्यांचाही बंद केला. विचार त्यांच्या ड्रायव्हरला."

"त्यांचे ड्रायव्हर आमाला काय खरं सांगतेत? माझ्या दोस्तानं ह्या पक्षासाठी घसा फोडला, आन् तुमी—" त्यानं आवाज चढवला. मागची माणसं पुढं सरकली. "उद्या सांगतेची रॅली हाय. इथूनच जाणार, बँजो लावून जाणार. कोण थांबवतो बघू."

सासूबाई हात जोडायला लागल्या. मी त्यांना मागं केलं.

"चपला काढ," मी दोस्ताला म्हणाले. "एकटाच चल. आत तोंडातून शब्द काढायचा नाही."

तो यायला तयार नव्हता, पण माणसांसमोर नाही म्हणणंही त्याला जड गेलं. मी त्याला बोळातून मागच्या खोलीत नेलं, वाकळ बाजूला केली. अंधाराला डोळे सरावायला त्याला वेळ लागला. मग त्यानं दोस्ताला बघितलं. नाकात नळी, गालाची हाडं वर आलेली, आणि ते ओढलेलं हसू. दिरानंही त्याला ओळखलं.

त्याच वेळी मागच्या अंगाला, मोंढ्याच्या पलीकडं कुठंतरी जीप चालू झाली. तिकडचा रस्ता आमच्या ताटाच्या टप्प्यात नव्हता. वारा आमच्या बाजूचा होता. माय-माऊल्यांनो.

मान मागं गेली. पाठ उचलली. या वेळी ती खाली येईना. छाती हलायची थांबली. ओठ आधी पांढरे झाले, मग जांभळट. मी डॉक्टरांना आणायला पळाले, ते आले, सुई टोचली, आणि आम्ही तिघं त्या छातीकडं बघत उभे राहिलो. बाहेर कॅसेट सांगत होती, पाच मिनिटं दारात या. हात लावायचा नव्हता, हाक मारायची नव्हती. डॉक्टर मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होते. मग त्याच्या नाकातून शिट्टीसारखा बारीक आवाज आला आणि छाती जराशी वर झाली. परत झाली.

मी वळून बघितलं तर दोस्त खोलीत नव्हता. चपला दाराशी तशाच होत्या. नंतर आपानं सांगितलं, तो उन्हातून अनवाणी मोंढ्याकडं पळत सुटला होता. थोड्या वेळानं ती कॅसेट एका शब्दाच्या मधेच तुटली. त्यानं टेपमधून ती उपसून काढली होती, आणि संध्याकाळपर्यंत फिरून प्रत्येक गाडीतली काढून घेतली.

शेवटच्या दिवशी दोन रॅली होत्या. दोन्हींना मेन रोडवरूनच जायचं होतं, दुसरा रस्ता एवढ्या माणसांना पुरणारा नव्हता. दोस्त सकाळी समोरच्या पक्षाच्या कचेरीत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्या पायऱ्या चढला असेल. तिथं त्याला विचारलं, तुमच्या माणसासाठी आम्ही का गप्प बसायचं? तो म्हणाला, "त्याच्या वहिनीनं तुमच्या साहेबाला ओवाळलं हाय. ओवाळून घेतलं तवा कुंकू चाललं, आता का?" ज्या ओवाळण्यावरून तो माझ्या अंगावर आला होता, त्याच्याच जोरावर त्यानं त्यांना कबूल करवलं.

मी त्या वेळी बाहेर नव्हते. आत खाटेशी उभी होते. चार वाजता रस्त्यावर आधी सरपटल्यासारखा आवाज आला. शेकडो चपलांचा. झेंड्यांच्या कापडाची फडफड. कोणी खोकत होतं, एखादं लेकरू किरकिरत होतं, त्याला कोणीतरी दाबून गप्प करत होतं. घोषणा नाही, बँजो नाही. अर्ध्या तासानं दुसरी रॅली गेली, तशीच. मी प्रत्येक क्षणाला वाट बघत होते की आता कोणीतरी जोशात ओरडणार. एवढ्या माणसांत एकाला न राहवणं साहजिक होतं. एकच झटका आला, तोही हायवेवरच्या ट्रकच्या हॉर्ननं, आणि तो लवकर उतरला.

पाच वाजता प्रचार संपला. गावावर अशी शांतता पडली की सासूबाईंना भीती वाटली. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन दिवस मी काही बोलणार नाही." 

मतदानाच्या दिवशी नवरा मतपेट्यांच्या गाडीवर ड्यूटीला होता. सासूबाई आपाला घेऊन मत द्यायला गेल्या, त्या परत आल्या की मी जाणार होते. वहीत सकाळपासून एकच नोंद होती. मी दिराचा चेहरा पुसायला पाणी घेऊन आत आले. हात ओले होते, आणि पितळी तांब्या निसटला.

फरशीवर पडून तो दोनदा उसळला, खाटेच्या पायाला आपटला, आणि गोल गोल फिरत वाजत राहिला. इतके दिवस सगळ्या गावाला गप्प करून मीच तो आवाज केला होता. मी तिथंच थिजले. त्याच्या मानेकडं बघत राहिले.

मान हलली नाही. त्याच्या पापण्या फडफडल्या, हाताची बोटं आवळली आणि परत सैल झाली. पाठ गादीवरच होती. तांब्या फिरायचा थांबला. त्यानं डोळे माझ्याकडं वळवले आणि दात न उघडता, नाकातून, काहीतरी म्हणाला. बहुतेक शिवीच असावी.

मी तांब्या उचलला आणि डॉक्टरांना सांगायला गेले.